स्टेजकडे पाठ

देवाशपथ, गळ्याशपथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर माझ्या उरलेल्या चार दातांची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे: तो केशरी बोळा तिच्या दोन बोटांत होता, हरभऱ्याएवढा, स्पंजचा, आणि ती तो चोळून चोळून वातीसारखा बारीक करत होती, कारण बारीक केला की कानात सरकतो आणि आत गेला की सावकाश फुगतो... आणि तो फुगत जातो तसतसं जग लांब जातं. आधी डावा कान, मग उजवा. मैदान गप्प झालं. गप्प म्हणजे तोंडं हलत होती, हात हलत होते, दुपारचं ऊन लोखंडी कठड्यावर चटके देत होतं, फक्त आवाज कुणीतरी गोधडीखाली दडपून ठेवला होता.

अकरा वर्षं ती कठड्यावर होती. छातीएवढा उंच लोखंडी कठडा, त्याच्या पलीकडे माणसं, अलीकडे दोन हात रुंदीची गल्ली, आणि गल्लीच्या मागे स्टेज. गल्लीत उभं राहायचं, तोंड माणसांकडे, पाठ स्टेजकडे. वळायचं नाही. वळलं तर तेवढ्यात कुणाचा तरी जीव गुदमरतो, असं तिला पहिल्याच दिवशी मुकादमानं सांगितलं होतं. हा मुकादम म्हणजे सगळ्या कठडेवाल्यांचा वरचा माणूस, बोलायला कडू, आणि पोटातही गोड नव्हताच. तेव्हा अकरा वर्षांत तिनं दीडशे रॉक बँड – काय म्हणावं – पाहिले नव्हते. विचारा कुणालाही, एवढ्या जवळून एवढे बँड न पाहिलेली बाई दुसरी सापडायची नाही.

पण माणसं पाहिली. गाणं ऐकताना माणसाचा चेहरा किती उघडा पडतो, ते नवऱ्याला माहीत नसतं, आईला माहीत नसतं, कठड्यावरच्या बाईला माहीत असतं. गिटार सुरात असली की भुवया वर जातात. गायकाचा आवाज फाटला की पहिल्या रांगेतले लोक त्याच्या वतीनं आवंढा गिळतात. कुठला बँड बरा आणि कुठला नुसता आरडाओरडा, हे ती ऐकणाऱ्यांच्या दातांवरून सांगायची. आणि या गर्दीला शिस्त नाही म्हणणाऱ्यांची तिला गंमत वाटायची. शिस्त नाही? खांब म्हणून एक माणूस दर कार्यक्रमाला यायचा, साडेसहा फुटी, आणि उभा राहण्याआधी मागे वळून विचारायचा, ‘‘दिसतंय ना? नाहीतर सरकतो.’’ कुणी फोन डोक्यावर धरून अख्खं गाणं टिपत बसला की शेजारचा त्याचं कोपर हळूच खाली दाबायचा, नळ बंद करावा तसं. आणि धक्काबुक्कीत कुणी पडलं तर तिनं उडी मारण्याआधी सहा हात त्याला उचलून, कपडे झटकून, चष्मा शोधून परत उभं करायचे, आणि मग पुन्हा धक्के. हे त्यांना कोण शिकवतं? आईबाप तर नक्कीच नाहीत, आईबापांना वाटतं पोरं तिथे बिघडायला जातात...

त्या दिवशी सकाळी लेक ओट्याशी उभ्या उभ्या पाव खात होती. ड्रमच्या काठ्या खिशात. त्या दिवशीच्या बँडचा नेहमीचा ड्रमवाला मनगट मोडून बसला होता, आणि लेकीला एका दिवसापुरती त्याची खुर्ची मिळाली होती. एक दिवस, सहा गाणी.

‘‘आई, एकदा तरी वळशील ना?’’

‘‘ड्यूटीवर असते मी.’’

‘‘मग सुट्टी घ्यायचीस.’’

‘‘मागितली होती. मुकादम म्हणाला, आज दोघं आजारी आहेत.’’

‘‘म्हणजे मी तिथून वाजवणार आणि मला तुझा अंबाडा दिसणार. बाकीच्या दुनियेला मी दिसणार आणि तुला दुनिया.’’

‘‘घरी ऐकते की मी रोज.’’

‘‘उशी ऐकतेस तू. उशी बडवणं आणि ड्रम वाजवणं यात फरक आहे की नाही?’’ आणि मग, पाव खाली ठेवून, आता न हसता, ‘‘एकदा. मोजून एक. पुढच्या महिन्यात त्यांचा ड्रमवाला परत येतोय.’’

आईनं आपले बूट घातले होते. नाही म्हणायला, अंबाडा रोजच्यापेक्षा नीट घातला होता.

आता तिच्या पाठीमागे पोरीची पावलं स्टेजवर आली असणार. बोळ्यांतून पावलं ऐकू येत नाहीत; पण पुढच्या रांगेचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकले, थांबले, एका बाईनं मैत्रिणीच्या कानाशी तोंड नेलं. ओठ तिनं वाचले: ड्रमवर मुलगी आहे. हो, माझी आहे, असं तिला म्हणावंसं वाटलं, मग वाटलं की कशाला.

पहिलं गाणं. पायांखालची फळी थरथरली. उशीतून कधी एवढं आलं नव्हतं. तिनं रांगेवरून नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे, मग उलटी, नेमाप्रमाणे. माना हलत होत्या. एका ठेक्यावर हलत होत्या, म्हणजे ठेका पक्का आहे. दुसऱ्या गाण्यात मध्येच माना अडखळल्या, चारसहा जणांच्या कपाळाला आठी पडली आणि लगेच गेली... चुकली वाटतं. चुकली आणि सावरली. आपण हे वाचतो आहोत, भांड्याच्या झाकणावरून आतली भाजी ओळखावी तसं. भाजी शिजली आहे. पण चव?

तिसरं गाणं संथ होतं, तेव्हा मधल्या घोळक्यातले लोक बोलायला लागले. संथ गाण्यात बोलतात, हे तिला जुनं होतं. त्यांना गप्प करणं तिचं काम नव्हतं. जीव जात नाही बोलण्यानं. तरी ती त्यांच्याकडे अशी पाहत राहिली की त्यातला एकजण खिशातून तिकीट काढून तपासायला लागला. खांबानं वाकून त्यांना काहीतरी सांगितलं, हात जोडल्यासारखं करून, आणि ते गप्प झाले. तिला त्याचा राग आला. म्हणजे काय, बाहेरच्या माणसानं करावं आणि आपण...

पाचव्या गाण्यात सगळे खाली बसले. हा या लोकांचा रिवाजच आहे: गायक सांगतो खाली, की हजार माणसं उकिडवी बसतात, गुणी पोरांसारखी, मग एकटा ड्रम सुरू होतो, हळू, आणि ड्रम जसा चढेल तसं एकेक वीत वर यायचं, आणि शेवटी सगळ्यांनी एकदम उडी. ड्रम सुरू झाला. तिला तो कानांतून नाही, मणक्यातून कळला. पुढे हजार चेहरे, आणि सगळ्यांची नजर तिच्या उजव्या खांद्यावरून एकाच जागी. तोंडं उघडी. खांबासुद्धा बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांत ऊन होतं की पाणी, कोण जाणे. एकालाही कळत नव्हतं की ही मधे उभी असलेली बाई म्हणजे त्या मैदानावरचं एकमेव माणूस आहे, ज्याला ती पोरगी दिसत नाही.

चेहरे वर येत होते. वीत. आणखी वीत. आणि दुसऱ्या रांगेत, लाल केसांची एक मुलगी खाली बसली होती तिथे, वर काहीच आलं नाही. खळगा.

तिचे हात उठले. दोन्ही हात डोक्यावर, मनगटावर मनगट, फुली. या फुलीचा अर्थ कार्यक्रम थांबवा, खाली माणूस आहे. आणि फुली केली की वळायचं, स्टेज मॅनेजर उलट फुली करेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहायचं. नियमच आहे. अकरा वर्षांत वळायला परवानगी असलेली ही एवढीच एक वेळ.

ती वळली.

झांजांच्या मागे लेक होती. केस गालाला चिकटलेले, जिभेचं टोक ओठाबाहेर, लहानपणी पाटीवर अक्षर काढताना असायचं तसं, आणि हात... हात दिसतच नव्हते, इतके ते चालू होते. एवढ्यात तिनं वर पाहिलं. आई वळलेली दिसली. पोरगी हसली, सगळ्या तोंडानं. मग तिची नजर आईच्या हातांवर गेली. बाजूला स्टेज मॅनेजरनं फुली केली होती. काठ्या हवेत राहिल्या.

शांतता बोळ्यांच्या आतसुद्धा आली.

मागे लाल केसांची मुलगी उभी राहिली. इतका वेळ बुटाची नाडी बांधत होती. सहा हातांनी तिला उचललंच होतं, तिनं ठीक आहे म्हणून अंगठा वर केला, आणि गर्दीनं टाळ्या वाजवल्या, कठड्यावरच्या बाईसाठी. थांबवणाऱ्यावर कुणी चिडत नाही, हाही रिवाजच. गायकानंसुद्धा वाकून नमस्कार केला. पण चढत गेलेला ड्रम पुन्हा पायथ्यापासून कोण चढणार. त्यांनी सरळ सहावं गाणं घेतलं. ती पुन्हा माणसांकडे तोंड करून उभी राहिली. आता चेहरे तिला वाचता येईनात. नुसते चेहरे होते.

मुकादम वही घेऊन आला. ‘‘पडली होती की बसली होती?’’

‘‘पडली होती.’’

‘‘नक्की ना? नाहीतर मला वरून ऐकावं लागेल.’’

कठड्यावरून खांब वाकला. ‘‘पडलीच होती, साहेब. मी मागेच होतो. बाईंनी बरं केलं.’’ बोलताना तो तिच्याकडे नाही, तिच्या बिल्ल्याकडे पाहत होता. खोटं बोलणाऱ्या भल्या माणसाची नजर कुठे जाते, ते तिला अकरा वर्षांत चांगलं माहीत झालं होतं.

स्टेजमागे लेक पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसली होती.

‘‘लागलं का तिला?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं झालं.’’ बाटलीचं झाकण ती फिरवत राहिली, उघडलं नाही. ‘‘मग, पाहिलंस ना?’’

‘‘पाहिलं.’’

‘‘काय पाहिलंस?’’

आई सांगणार होती, हात, जीभ, केस... पण बोळे अजून कानातच होते आणि स्वतःचा आवाज तिला डोक्याच्या आतून ऐकू आला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा: ‘‘तू थांबलीस, ते.’’

लेकीनं मान हलवली. मग सरकून खोक्यावर जागा केली. आई बसली. दोघींनी समोरच्या ताडपत्रीकडे पाहिलं, आणि तिच्या मनात आलं की हे दोन हात गेली अकरा वर्षं आपण आपले समजत होतो. आता ते मांडीवर नुसते ठेवलेले होते, आणि उद्या ते कुणासाठी उठतील, हे त्या हातांना विचारूनसुद्धा तिला कळलं नसतं.

अक्षर न् अक्षर खरं म्हणाले होते ना मी? तर एक माघार घेते. ती लाल केसांची मुलगी, तिची नाडी, तो अंगठा, हे माझ्या पदरचं. त्या खळग्यात कोण होतं, किंवा कुणी होतं की नाही, हे बाईनं कधी सांगितलं नाही, आणि मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.