पंखेवालीच्या हातचा पिकअप

मित्रांनो, विजेची गिटार दिसली की तुमची नजर तिच्या चकचकीत रंगाकडे जाते, नाहीतर वाजवणाऱ्याच्या बोटांकडे. तारांच्या खाली एक चपटी डबी असते, तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ती डबी म्हणजे मी. मी एक जुना पिकअप आहे. तारा थरथरतात ते मला कळतं, आणि ती थरथर मी वायरीतून स्पीकरपर्यंत पोचवतो. मी नसेन तर तुमची ती झोकदार गिटार म्हणजे तारा ताणलेली फळी. ही बढाई आहे, मान्य. पण खोटी नाही.

माझा जन्म पंखे दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकान अरुंद होतं. पुढे काउंटर, मागे जळक्या मोटारींचा ढीग, आणि सगळीकडे वार्निशचा वास. दुकान ताईचं. जळालेल्या मोटारीतली जुनी तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची, हे तिचं रोजचं काम. गल्लीत तिला सगळे 'पंखेवाली' म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. "नावं ठेवायचीच होती तर निदान कामावरून ठेवली," असं म्हणून ती हसायची.

ताईचा धाकटा भाऊ नाचाच्या हॉलमधल्या बॅन्डमध्ये गिटार वाजवायचा. ड्रम आणि ट्रम्पेटच्या गोंगाटात त्याची साधी गिटार कोणाला ऐकू जायची? म्हणून त्यानं सुताराकडून जाड फळीची गिटार करून घेतली. तिला मान होती, तारा होत्या, पण आवाज नव्हता. पिकअप बाजारात मिळेना. मग दुसऱ्या एका बॅन्डवाल्याचा तुटका पिकअप नमुन्याला घेऊन स्वारी ताईच्या दुकानात हजर.

"ताई, एवढे पंखे गुंडाळतेस, मला हे एवढं गुंडाळून दे की."

"दे इकडे. आणि त्या स्टुलावर गप्प बस. मध्ये मध्ये बोललास तर तुलाच गुंडाळीन."

केसाहून बारीक तांब्याची तार होती ती. ताई एका हातानं तार गुंडाळायच्या यंत्राचा दांडा फिरवी आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत फडक्याचा तुकडा धरून त्यातून तार सोडी. जरा जोर झाला की तार तटकन तुटे. मग ती जीभ दाताखाली धरून टोकाला टोक डाग देऊन जोडी आणि पुन्हा दांडा फिरवी. वेटोळं भरल्यावर तिनं मला वितळलेल्या मेणात बुडवलं. वेढे सैल राहिले तर ते स्वतःच थरथरतात आणि स्पीकर किंचाळतो, म्हणून. ते ऊबदार मेण अंगात मुरत गेलं, ती माझी पहिली आठवण आहे.

वेटोळ्याच्या मधोमध लोखंडी स्क्रूंची रांग, प्रत्येक तारेखाली एक. खाली लोखंडाची पट्टी, आणि त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन चुंबक. लोखंडात अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट वितळवून केलेले, म्हणून त्यांना अल्निको म्हणतात. ते ताईला मोडीत निघालेल्या एका यंत्रात सापडले होते. त्यांची गंमत अशी, की दोघांच्या सारख्या बाजू समोरासमोर ठेवाव्या लागतात. सारख्या बाजू एकमेकींना ढकलतात. त्यामुळे दोघांचा जोर वर जायला वाट शोधतो आणि स्क्रूंमधून तारांपर्यंत पोचतो. पण बसवताना नाकी नऊ येतात. एकाला दाबावं तर दुसरा पळतो. एका स्वयंपाकघरातल्या दोन जावाच म्हणा. ताईनं दोघांना अंगठ्याखाली दाबून धरलं, तळाची पट्टी आवळली आणि म्हणाली, "नीट ऐकून ठेव. या दोघांचं पटलं, तर तुझं काम बिघडलं."

भाऊ तेव्हा तारा सुरात लावण्यात दंग होता. "हं हं," म्हणाला. मित्रांनो, या 'हं हं'नं पुढे किती वर्षं खाल्ली ते तुम्हाला कळेलच.

साबणाच्या डबीचं पिवळट झाकण मला टोपी म्हणून मिळालं आणि मी गिटारीत जाऊन बसलो. भावानं पहिली तार छेडली. गोल, उबदार आवाज निघाला. खालच्या तारा भरल्या गळ्यानं बोलल्या, वरच्या तारा चमकल्या पण टोचल्या नाहीत. ताईनं हातातला पाना खाली ठेवला. "अगंबाई! हे मी केलं?" ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत उगाचच इकडेतिकडे बघायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मात्र भाऊ थांबला की स्पीकरमधून बारीक 'घूं' असा आवाज यायचा. ती माझी जन्मखोड. भिंतीतल्या वायरी, दिवे, विजेवर चालणारी यंत्रं यांच्याभोवती विजेची जी सळसळ असते, ती माझं वेटोळं पकडतं. त्यात चुंबकाचा काहीएक दोष नाही. चुंबक तारांना जागं करतो, घुमतं ते वेटोळं. एवढी साधी गोष्ट, पण तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही.

काय दिवस होते ते! गुळगुळीत लाकडी जमीन, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, बुटांचा ठेका, आणि त्यावर तरंगणारा माझा आवाज. संथ नाच सुरू झाला की जोडपी बोलायची थांबत. एक म्हातारे गृहस्थ तर नुसते ऐकायला यायचे. "त्या गिटारीला मायेचा गळा आहे," असं ते म्हणत. भाऊ घरी जाऊन ताईला हे सांगायचा आणि ताई दुसऱ्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला.

पण सुखाला नजर लागते म्हणतात ना! बॅन्डमास्तरांचा कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. संथ नाचात मध्ये शांतता आली की माझा 'घूं' त्यांना ऐकू जाई. एकदा तालमीत त्यांनी छडी आपटली. "हे काय आणलंयस? गिटार की पिठाची गिरणी? बंद कर, नाहीतर दुसरा गडी बघतो."

भाऊ घाबरला. बॅन्ड म्हणजे त्याचा जीव की प्राण. स्पीकर विकणाऱ्या एका दोस्तानं सल्ला दिला, "तुझे चुंबक जुनाट आहेत रे. सिरॅमिकचे घाल, स्पीकरला लावतात ते, जोरदार असतात. आवाज साफ." भावानं घरीच मला उघडलं, ताईचे चुंबक काढले आणि दोन काळेकुळकुळीत सिरॅमिक चुंबक बसवले. ताईला विचारायचं त्याला सुचलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे.

नव्या चुंबकांत जोर होता, नाही म्हणणार नाही. आवाज मोठा झाला, धारदार झाला. पण तारांना ते असे ओढून धरत, की वरच्या पट्टीतला सूर डळमळायचा आणि लवकर विझायचा. आणि 'घूं'? तो होता तिथेच होता. तारांचा आवाज मोठा झाल्यामुळे भाऊ स्पीकर थोडा कमी ठेवू शके, म्हणून तो दबल्यासारखा वाटे इतकंच. वेटोळं तर तेच होतं ना! पुढे एकदा तारा छेडायची नखी खाली पडली म्हणून भाऊ वाकून वळला आणि 'घूं' एकदम बारीक झाला. त्याला कळलं, की ड्रमवाल्याकडे तोंड करून तिरपं उभं राहिलं की मी जवळजवळ गप्प होतो. तेव्हापासून तो तसाच उभा राहू लागला. लोकांना वाटे, पठ्ठ्याला गर्व चढलाय. त्यांनी त्याचं नाव 'तिरपा' ठेवलं.

अशाच एका कार्यक्रमाला ताई आली. ठेवणीतली साडी, केसांत नवी पिन, पहिल्या रांगेत बसली. दोन गाणी ऐकली आणि मध्यंतरात थेट मंचाजवळ आली.

"हा माझा आवाज नाही. काय काढलंस यातून?"

सगळा बॅन्ड बघत होता. मास्तरही. ताईला बाजूला नेऊन खरं सांगणं अवघड नव्हतं. पण चारचौघांत माणसाची अक्कल कुठे जाते देव जाणे. भाऊ हसत म्हणाला, "अगं, पंख्याच्या दुकानातला माल! पंख्यासारखाच घुमायचा तो. जुने चुंबक काढून भारीतले घातले."

बॅन्ड खो खो हसला. ताई हसली नाही. "बरं केलंस," एवढंच म्हणाली, पिशवी उचलली आणि निघून गेली. उरलेली गाणी भाऊ कसाबसा वाजवत होता. त्याची बोटं सारखी चुकत होती, ते मला तारांमधून कळत होतं.

त्यानंतर बहीणभाऊ बोलायचे, पण कामापुरतं. बरी आहेस का, बरी आहे, संपलं. ताईला हॉलमध्ये पुन्हा कोणी पाहिलं नाही. ताईचे चुंबक गिटारीच्या पेटीत, एका जुन्या पायमोज्यात पडून राहिले. तिथे त्यांना दाबून धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे दोघं छान एकमेकांना चिकटले.

काही वर्षांनी बॅन्ड मोडला. एका दुपारी भावानं पायमोजा उलटा केला आणि मला पुन्हा उघडलं. सिरॅमिक काढले, ताईचे चुंबक हातात घेतले. "आज ताईला ऐकवतो. पाय धरतो तिचे," असं तो बायकोला म्हणाला. चुंबक जसे पायमोज्यात चिकटले होते, त्याच बाजू समोरासमोर ठेवून त्यानं ते बसवले. किती गुण्यागोविंदानं बसले! दाबावं लागलं नाही, पळापळ नाही. मी आतून ओरडत होतो, अरे बाबा, यांचं पटलंय, आता तुझं बिघडणार! पण तारांशिवाय माझं कोण ऐकणार? दोघांनी आपला सगळा जोर एकमेकांतच जिरवला. वर तारांपर्यंत काही पोचलंच नाही. भावानं तार छेडली आणि दूरच्या खोलीत डास गुणगुणावा तसा आवाज आला.

त्यानं स्पीकरची वायर उपटली. मग म्हणाला, "मेला तो आवाज. मीच मारला." ताईला एक शब्द विचारला असता तर चुटकीसरशी काम झालं असतं. पण कोणत्या तोंडानं विचारणार? त्यानं गिटार भिंतीवर टांगली, आणि मी मुका झालो.

मित्रांनो, मुकं असणं फार वाईट. झाकणावर धूळ बसली, स्क्रू गंजले. खाली भावाची लेक रांगली, चालली, शाळेत गेली, मोठी होऊन कामाला लागली. भावाचे केस पिकले. पाहुण्यांनी गिटारीबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "शोभेची आहे."

शेवटी घर रंगवायला काढलं आणि भाऊ लेकीला म्हणाला, "ती गिटार भंगारात देऊन टाक." लेक हो म्हणाली आणि गिटार घेऊन सरळ आत्याच्या दुकानात गेली. अशी पोरगी हवी!

ताई आता थकली होती. जाड भिंगांचा चष्मा, हातात कंप. पण यंत्र तेच आणि वार्निशचा वासही तोच. त्या वासानं माझं मेण वितळायचंच बाकी होतं.

"आत्या, बघ ना हिला काय झालंय. बाबा म्हणतात, मेली."

"मग तुझ्या बाबांच्या त्या भारी चुंबकांनाच विचार," ताई फणकारली. पण हात थांबतायत का? तिनं झाकण काढलं, मला उलटं केलं, पट्टी सैल केली. आणि थबकली. बोटानं चाचपलं. चष्मा वर करून अगदी डोळ्याजवळ धरलं.

"हे माझे आहेत."

"म्हणजे?"

"माझे चुंबक. यानं काढले होते. परत कधी घातले?"

"मी लहान होते तेव्हा. आई सांगते ना, तुला ऐकवायचं म्हणून बसवले होते. पण वाजेनाच, मग टांगून ठेवली. बाबा त्याबद्दल बोलूच देत नाहीत."

ताईनं हातातला पाना बाजूला ठेवला. "आणि मी इतकी वर्षं समजत होते, की यानं फेकून दिले." मग तिनं चुंबकांकडे पाहिलं आणि एकदम हसायलाच लागली. हसता हसता रडायला लागली. "गोडीगुलाबीनं बसवलेत बघ गाढवानं! सांगितलं होतं, यांचं पटता कामा नये म्हणून. 'हं हं' म्हणाला होता!"

तिनं एक चुंबक पालटला. दोघं लगेच एकमेकांना ढकलायला लागले. ताईच्या बोटांत पूर्वीचा जोर नव्हता, म्हणून एक लेकीनं दाबला, एक ताईनं, आणि पट्टी आवळली. "चिकटून राहिले म्हणून यांचा जोर तरी शाबूत राहिला," ती नाक पुसत म्हणाली. वाजवून बघायला मात्र ती तयार होईना. "ज्याची आहे त्यानं वाजवावी. चल, दुकान बंद कर."

भावाच्या घरात रंगाचे डबे, खाटेवर वर्तमानपत्रं. दारात ताईला बघून तो चटकन उभा राहिला. लेकीनं गिटार त्याच्या हातात दिली आणि स्पीकरची वायर जोडली. "अगं, ती मेलीय," तो पुटपुटला आणि त्याची बोटं सवयीनं तारांवर पडली.

गोल, उबदार आवाज खोलीभर पसरला.

भावानं हॉलमधली जुनी संथ नाचाची धून वाजवायला घेतली, आणि वाजवता वाजवता भिंतीकडे तोंड करून तिरपा उभा राहिला.

"इकडे तोंड कर की रे," ताई म्हणाली. "इतक्या वर्षांनी आलेय, आणि पाठ दाखवतोस?"

"इकडे वळलो तर घुमेल, ताई."

"घुमू दे. पंख्याच्या दुकानातला माल आहे तो."

भाऊ वळला. मी घुमलो, मित्रांनो, अगदी पोटातून घुमलो, आणि त्या दिवशी मला कोणी गप्प केलं नाही.

आता भाऊ रोज थोडा वेळ मला वाजवतो. तुमच्या घरातही एखादी वस्तू मुकी होऊन पडली असेल. तिला भंगारात देण्याआधी ती ज्याच्या हातची आहे, त्याच्याकडे घेऊन जा. काय बिघडलंय ते विचारायला लाजू नका. आणि ते माणूस काही सांगत असेल, तर 'हं हं' म्हणू नका. नीट ऐका.