अंबूनं लावलेला चुना

मी हळू बोलते, जरा जवळ या. माझ्यात हवा आता पूर्वीसारखी टिकत नाही. मी छर्ऱ्याची बंदूक आहे. नाव बंदूक असलं तरी दारूगोळ्याशी माझा काडीचा संबंध नाही. कुणीतरी दांडा खाली-वर करून माझ्या पोटात हवा भरायची, तेव्हा कुठं मी एक छर्रा फुंकणार. भरणाऱ्याच्या अंगात जेवढा दम, तेवढाच माझ्यात. त्यामुळे ज्यांनी मला हाताळलं त्यांच्याबद्दल मला बरंच काही ठाऊक आहे.

माझा जन्म चिपाचिंगचा, घरोघरी बंदुका घडवणाऱ्यांच्या गावचा. त्या गावात सकाळी कोंबड्याच्या आधी कानशींचा आवाज सुरू होतो. ओदांगकाकांनी मला त्यांच्या ओट्यावर घडवलं. नळी दुसऱ्या घरातून आली, घोडा तिसऱ्या घरातून. दस्ता मात्र काकांनी स्वतः तासला, फणसाच्या लाकडाचा. पोटात म्हशीच्या कातड्याची चकती बसवली आणि तिला खोबरेल पाजलं. "ही चकती सुकली की तू संपलीस," असं ते मला म्हणाले होते. बाळंतपणातच असं बोलणारा माणूस, पण हात फार मायेचा.

कोमार आला तेव्हा मी भिंतीला टेकून होते. तरणा गडी, माडावर चढून चढून तळपाय फताडे झालेले. शेजारी एक पॉलिश मारलेली, दुर्बीण लावलेली बंदूक होती. तो तिच्याकडेच बघत होता.

"काका, ही केवढ्याला?"

"तुला मारायचंय काय? वाघ?"

"खारी. नारळ पोखरतात."

"मग वाघाची कशाला घेतोस? तिची दुर्बीण पावसात आंधळी होईल, मग माझ्या नावानं शंख करशील. ही घे. स्वस्त आहे आणि रुसली तर तुला घरी दुरुस्त करता येईल. छर्रे दोन-तीन तऱ्हेचे घेऊन जा. हिला कुठले रुचतात ते बघ, मग तेच घालत जा."

कोमारनं मला उचललं, खांद्याला लावलं आणि उगाचच हसला. दुर्बीणवालीकडे त्यानं जाताना एकदा वळून पाहिलं. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू?

त्याचं घर समुद्राच्या बाजूला, माडांमध्ये. अर्धे माड नीरेचे, अर्धे नारळाचे. नीरा आटवून गूळ करायचा, नारळ विकायचे आणि मधल्या वेळात खारींना शिव्या घालायच्या, असा त्या घराचा दिवस. घरात कोमारची बायको इमास आणि आई, जिला सगळे अंबू म्हणत. अंबूनं मला पहिल्यांदा पाहिलं आणि तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "हे काय, सायकलचा पंप आणलास?" ती म्हणाली. मी त्या दिवसापासून तिच्यावर डूख धरून होते.

कोमारचा माझ्यावर हात बसायला वेळ लागला नाही. खारी कमी झाल्या, नारळ टिकायला लागले. मी अगदी हवेत होते. आणि मग एका सकाळी गुळाच्या वासानं इमासला उलटी झाली.

त्या घरात त्या उलटीचा आनंद कुणी मोठ्यानं केला नाही. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. इमास परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. अंबूनं कोमारच्या हातातून मला काढून घेतलं. "आजपासून पमाली," ती म्हणाली.

पमाली म्हणजे करायचं नाही म्हणजे नाही. बायको पोटुशी असताना नवऱ्यानं जीव मारायचा नाही. कोंबडी नाही, मासा नाही, दारातला विंचूसुद्धा झाडून बाहेर टाकायचा. नाहीतर त्याचे भोग बाळाच्या वाट्याला येतात. कोमारनं मान डोलावली. मला भिंतीवर टांगलं.

खारींना हे कुणी सांगितलं देव जाणे. चार दिवसांत त्या स्वयंपाकघराच्या छपरावर येऊन बसायला लागल्या. खाली कोवळ्या नारळांचा सडा. कोमार टाळ्या वाजवी, डबे बडवी. खारी त्याच्याकडे बघत निवांत खात.

"तमाशा बघायला येतात त्या तुझा," अंबू एक दिवस म्हणाली. "काढ तो पंप खाली. मी मारते."

"अंबू, तुला जमायचं नाही."

"तुला जन्माला घालणं जमलं, हे नाही जमायचं? आणि मला कसली पमाली? माझ्या पोटी आता काय यायचंय?"

इमास हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मग कुणी वाद घातला नाही.

अंबूचे हात आखूड, माझा दस्ता लांब. कोमारनं मला मांडीवर घेतलं आणि दस्ता कापला. ओदांगकाकांनी एवढा निगुतीनं तासलेला दस्ता, पण कोमार कापताना पुन्हा पुन्हा आईच्या दंडाशी लावून बघत होता, म्हणून मी ओरडले नाही. कापल्या जागी जुन्या लुंगीची घडी बांधली, तिचा खांदा दुखू नये म्हणून. हवा भरायच्या दांड्याला पेरूची फांदी जोडून तो लांब केला. आता तिच्या थोड्या जोरातही माझं पोट भरू लागलं. राहिली नजर. अंबूला माझ्या टोकावरची, नेम धरायची माशी दिसेना. ती माशी काळी, खारही काळपट, सगळा एकच गोंधळ. मग तिनं आपली पानाची डबी उघडली, बोटावर चुना घेतला आणि माझ्या माशीवर एक ठिपका दिला.

"आता बघते एकेकीला," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिनं छपराचं कौल फोडलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची बादली. पण महिन्याभरात असा हात बसला की कोमार माडावरून खाली बघत राहायचा. खार पडली की अंबू तिच्याजवळ जाऊन पुटपुटायची, "माफ कर बाई, घरात नातवंड यायचंय." रोज चुन्याचा ताजा ठिपका लागायचा. माझा डूख कधी गेला ते मला कळलंही नाही. मला ती आवडायला लागली होती.

सातवा महिना आला. सातव्याच्या विधीला पिवळ्या माडाचं शहाळं लागतं. त्यावर राजाराणीची चित्रं काढतात आणि बाळ सुंदर व्हावं म्हणून मागणं मागतात. स्वयंपाकघरामागे तो एकच पिवळा माड होता. कोमारनं त्याचं एक शहाळं डोळ्यांत तेल घालून राखलेलं. दुसऱ्या दिवशी विधी. अंबू शेजारी भांडी मागायला गेलेली आणि इमास आत निजलेली. कोमारनं वर पाहिलं, तर खार त्याच शहाळ्याला दात लावत होती.

त्यानं मला भिंतीवरून ओढून काढलं. हवा भरताना त्यानं एकदाही विचार केला नाही, नाहीतर थांबला असता. हे बाळाचं आहे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मी फुंकलं. खार खाली पडली, ती पुन्हा हलली नाही. तेव्हा तो भानावर आला.

त्यानं तिच्यावर एक झावळी ओढली. मला माडाच्या बुंध्याला टेकवलं. इतक्यात आतून इमासची हाक आली. तिच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या, सातव्यातच.

सुईण आली. अंबू धावत आली. कोमार चुलीपाशी उकिडवा बसला होता, चेहरा राखेसारखा. "अंबू, मी मारली. मागं पडलीय. मी बाळ मारलं, अंबू."

अंबूनं त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. "नीरा उतरवायची वेळ झाली. जा, चढ. इथं बसून तू काय करणार आहेस? मागचं मी बघते."

तो गेला. अंबू मागं आली. तिनं झावळी उचलली, खार हातात घेतली आणि अंबूचं तोंड एवढंसं झालं. मी तिथंच होते, मी सगळं पाहिलं. तिनं केळीच्या पानात खार गुंडाळली, पिवळ्या माडाच्या मुळाशी खड्डा केला, चिमूटभर तांदूळ टाकले आणि माती सारखी केली. वरून पालापाचोळाही पसरला. नंतर ती तिथंच बसून रडली. आवाज न करता, पदर तोंडात धरून.

कोमार खाली उतरला तेव्हा तिनं डोळे धुतले होते. "कुठली खार मारलीस रे?" ती खेकसली. "झावळी उचलली तर टुणकन उडी मारून पळाली. हवा तरी नीट भरायची. तुझ्यानं उंदीर मरायचा नाही."

"खरंच?"

"पोटच्या पोराशी खोटं बोलायचं वय आहे का माझं?"

कोमार तिच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. मी मनात म्हटलं, बाईनं पोराला काय सफाईनं चुना लावला.

दिवेलागणीला कळा थांबल्या. खोट्या कळा होत्या, असं सुईण म्हणाली. दात लागलेल्या शहाळ्याची ती बाजू मागं फिरवून विधी झाला. दिवस भरल्यावर मुलगी झाली, नेंगसिह. अंबूनं तिचं प्रत्येक बोट तपासलं, कानामागे पाहिलं, टाळू पाहिली. सगळं ठीक होतं. तरीही ती मुलगी चालायला लागेपर्यंत अंबू पिवळ्या माडाखाली गुपचूप तांदूळ ठेवत होती.

अंबू जाऊन आता खूप वर्षं झाली. तिच्यानंतर मला कुणी चुना लावला नाही. माझी चकती सुकली, लुंगीची घडी उंदरांनी नेली. नेंगसिह मोठी झाली आणि तिचं लग्न झालं. जावई यायान इथंच राहतो. त्याच्याकडे गॅसच्या नळकांड्यासारखी टाकी असलेली झोकदार बंदूक आहे, दुर्बिणीसकट. मला पाहून तो म्हणाला, "आबा, हे काय, पंप?" मला अंबूची इतकी आठवण आली म्हणून सांगू.

यंदा नेंगसिहला दिवस गेले. यायानची झोकदार बंदूक पेटीत गेली. कोमारच्या गुडघ्यांनी माड केव्हाच सोडलाय. त्यानं मला खाली काढलं, फाटक्या चपलेच्या कातड्यातून नवी चकती कापली, खोबरेलात रात्रभर बुडवून बसवली. तो पान खात नाही, तरी बाजारातून चुन्याची पुडी घेऊन आला. माझ्या माशीवर ठिपका देताना त्याचं बोट अंबूसारखंच वाकडं झालं होतं.

काल यायान दारात आला तो पांढराफटक पडून. "आबा, मोटारसायकलखाली मांजर आलं. मागं वळणावर. मी मुद्दाम नाही... आबा, आता बाळाचं काय होईल?"

कोमार उठला. मला खांद्याला अडकवलं. "तू आत जा. तिला पाणी दे. मागचं मी बघतो."

मांजर वळणावर पडलेलं होतं. त्यात काही उरलं नव्हतं. कोमारनं त्याला केळीच्या पानात गुंडाळलं आणि घरामागच्या पिवळ्या माडापाशी आणलं. मला बुंध्याला टेकवलं, अगदी त्याच जागी. खड्डा करायला बसताना त्यानं जागा शोधली नाही. सरळ तिथंच हात घातला, जिथं अंबूनं माती सारखी केली होती. मग थोडा बाजूला सरकला.

"तुझ्या खारीला धक्का लावत नाही, अंबू," तो मातीशी बोलला. "माडावरून सगळं दिसतं गं. तू मला चढायला पाठवलंस आणि तेवढंच विसरलीस. तुला वाटलं, मला कळलं नाही. वाटू दिलं मी. नाहीतर तुला झोप लागली नसती."

एवढी वर्षं मी समजत होते की चुना त्याला लागला.

त्यानं चिमूटभर तांदूळ टाकले, पाला पसरला, हात धुतले आणि दारातूनच ओरडला, "कुठलं मांजर मारलंस रे? टुणकन उठलं आणि कुंपणावरून गेलं. तुझ्यानं उंदीर मरायचा नाही."

आतून यायानचा हुंदका ऐकू आला आणि पाठोपाठ नेंगसिहचं हसू.

मी आता भिंतीवर आहे. नवी चकती फार दिवस टिकेल असं वाटत नाही, पण बाळ येईपर्यंत हवा धरून ठेवायचं मी ठरवलंय. तुम्हाला सगळं सांगून बसले, आता एकच मागणं. इकडे कधी आलात, गुळाचा चहा प्यायला बसलात, तर यायानशी हवापाण्याचं बोला, बंदुकांचं बोला. मांजराचं तेवढं काढू नका.