पुतळाचा दिवा आणि पूजेचा चोथा

मी प्लॅटिनमचा पत्रा बोलतोय. आकार म्हणाल तर अंगठ्याच्या नखाएवढा. सोन्यासारखाच भाव खातो, पण गळ्यात कुणी घालत नाही.

औरंगाबादच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कपाटात मी सात वर्षं पडून होतो. तिकडे चिकलठाण्याला, वाळूजला कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते आणि मी आपला धूळ खात होतो. मला बाहेर काढलं ते पुतळानं.

पुतळा मेंढपाळाच्या घरातली. मुकुंदवाडीत आईजवळ राहून पीएच.डी. करत होती. पानं उन्हावर जगतात ती नेमकी कशी, हे तिला पाहायचं होतं. पालक वाटून, गाळून त्यातली एन्झाइम ती माझ्या अंगावर पसरायची, मला मिठाच्या पाण्यात सोडायची आणि दिवा लावायची. उजेड पडला की एन्झाइम माझ्या अंगात किंचितशी वीज सोडत. मीटरचा काटा हले. दिवा विझला की काटा गप्प. ऊन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

मला धुण्याचं काम मधुसूदनरावांचं. ते प्रयोगशाळा सहायक, निवृत्तीला आलेले आणि स्वच्छतेचे भारी भोक्ते.

त्या हिवाळ्यात काटा एकाएकी तिप्पट उडू लागला. पुतळा हरखली. दोन महिने आकडे लिहीत राहिली. प्रबंध जानेवारीअखेर द्यायचा होता, मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली. शेवटची खात्री म्हणून तिनं पालकाचा रस उकळून मला लावला. उकळल्यावर एन्झाइम मरतात, काटा हलायला नको.

काटा हलला.

पुतळा स्टुलावर बसूनच राहिली. कारण मला ठाऊक होतं, पण पत्र्याचं ऐकतो कोण?

मधुसूदनराव गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. ते पुढं आले. "बाई, चूक माझी आहे. डाग जाईना म्हणून मी याला घरच्या चोथ्यानं घासत होतो. पूजेचं ताम्हन, पळी चिंच लावून ज्यानं घासतो, त्याच."

तांब्याचा अंश माझ्या अंगाला लागला होता आणि उजेडात तोही वीज सोडत होता.

पुतळानं आकड्यांची वही मिटली. मग म्हणाली, "काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मी खोटंच लिहून मोकळी झाले असते."

तिनं मला तेजाबात बुडवलं. चरचरलं, पण बरं वाटलं.

आता पालक हवा होता, आणि ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. कधी बंद, कधी संचारबंदी, मंडईत चिटपाखरू नाही. तिची आई बानाबाई शेताच्या बांधावरून ओटीभर चाकवत घेऊन आली. "पालक नाय गावला. ह्यो बघ चालतो का. शेरडं तर लई आवडीनं खात्यात."

चाकवत चालला! दिवा लागला, काटा हलला. मग उकळलेला रस लावला. तिघंही श्वास रोखून उभे.

"हलला नाही!" मधुसूदनराव ओरडले. काटा जागचा न हलल्याबद्दल एवढा आनंद झालेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

आकडे रात्रंदिवस बसून पुन्हा घेतले आणि प्रबंध वेळेत गेला. पहिल्या पानावर विद्यापीठाचं नवं नाव होतं. बानाबाईला वाचता येत नव्हतं. नाव कुठं लिहिलंय ते तिनं विचारून घेतलं आणि त्यावरून हात फिरवला.

आज पुतळा प्राध्यापक आहे आणि मी तिच्या खणात, कापसात. अंगावर ओरखडे आहेत, तक्रार नाही. आभाराच्या पानावर माझं नाव नाही. पहिल्या ओळीत मधुसूदनराव आहेत, "ज्यांनी चूक सांगितली". मला तेवढं पुरे.

कधी मला बाहेर काढलंत तर नुसत्या पाण्यानं धुवा. आणि चोथा लागलाच, तर सांगा.