एक्केचाळीस सेकंद

बाबांच्या अखेरच्या सव्वीस मिनिटांचा आलेख मला अँब्युलन्स केंद्रात एका साध्या कागदावर मिळाला. ते जाऊन तीन आठवडे झाले होते. तिथले अधिकारी सभ्य होते. त्यांनी आधी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग कागद माझ्याकडे फिरवला. अँब्युलन्समधली परिचारिका हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबते तेव्हा तिचा फोन मनगटाला पट्ट्यानं बांधलेला असतो. त्यातलं ॲप ठेका देतं, दाब कमी पडला तर ‘अजून खोल’ म्हणतं, हात थांबले तर ‘थांबू नका’ म्हणतं, आणि सगळं नोंदवून ठेवतं. मिनिटाला एकशे दहा दाब, पाच सेंटिमीटर खोल. कागदावर करवतीच्या दात्यांसारखी एकसारखी रेघ होती. तिसऱ्या मिनिटाला ती सपाट झाली होती.

“एक्केचाळीस सेकंद,” अधिकारी म्हणाले. “दहाच्या वर जायला नको.”

त्या वेळी खोलीत परिचारिका आणि आई अशा दोघीच होत्या. मी परिचारिकेला वर पाठवून खाली थांबले होते. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना, म्हणून मी ड्रायव्हरबरोबर ते उचलून जिन्यानं चार मजले चढत होते. एवढा वेळ हात का थांबले, असं मी विचारलं. हाताला गोळा आला, असं परिचारिकेनं लिहून दिलं होतं. नोकरीला अठरा वर्षं झालेल्या बाईच्या हाताला तिसऱ्याच मिनिटाला गोळा येतो, हे अधिकाऱ्यांनाही पटलेलं दिसलं नाही. गुरुवारी चौकशी होती. मी तक्रार दिली तर तिला अँब्युलन्सवरून काढून केंद्रात फोन घ्यायला बसवतील, असं त्यांनी आडून सुचवलं. मी तिथेच दीड पान तक्रार लिहिली, एकही विशेषण न वापरता.

मोजमापावरचा विश्वास मला बाबांकडून आलेला. चाळीस वर्षं ते आपल्या दुकानात चष्म्याच्या काचा घासत. नव्या चष्म्यातून सगळं वाकडं दिसतं, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की ते काच दोनदा तपासत आणि म्हणत, “नंबर बरोबर आहे. जगच तसं आहे.”

घरी आले तेव्हा आई त्यांचा खण आवरत होती. चष्म्याचे बारीक स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करायचं काम तिनं स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. मी कागद टेबलावर ठेवला. तो तिच्यापासून लपवायचं माझ्या मनातही आलं नाही. तिनं रेघेवर बोट फिरवलं आणि सपाट जागेवर थांबवून हे काय म्हणून विचारलं. इथे त्या बाई थांबल्या, असं मी सांगितलं. तक्रार दिल्याचंही सांगितलं, आणि त्यात थोडा अभिमान होता हे कबूल करायला हवं.

आईनं हातातला स्क्रू नीट जागेवर ठेवला.

“त्या नाही थांबल्या,” ती म्हणाली. “मी थांबवलं.”

मग ती हळूहळू बोलत गेली. बरगडी मोडल्याचा आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा. तिला वाटलं, ही बाई यांना मोडून ठेवणार. तिनं परिचारिकेचे हात ढकलले आणि ती बाबांच्या छातीवर आडवी पडली. फोन ‘थांबू नका, थांबू नका’ म्हणत होता. परिचारिकेनं तिला ओढलं नाही. शेजारी गुडघ्यांवर बसून ती म्हणत राहिली, “मावशी, बरगडी जुळते. मला हे करू द्या.” शेवटी आई बाजूला झाली. सगळं संपल्यावर दारातून निघताना परिचारिकेनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि हे कुणाला सांगायची गरज नाही, म्हणाली होती.

“मला वाटलं, ती माझी समजूत घालतेय,” आई म्हणाली. मग तिनं विचारलं, “तेवढ्यानं काही फरक पडला का गं?”

तीन आठवडे मी दुसरं काहीच वाचलं नव्हतं. हृदय थांबल्यावर मेंदूला किती सेकंद मिळतात, दाब थांबला की रक्ताचा प्रवाह किती लवकर पडतो आणि पुन्हा चढायला किती वेळ घेतो, हे मला पाठ होतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नाही,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पुन्हा स्क्रू हातात घेतले.

तक्रार मागे घेतली तरी चौकशी थांबणार नव्हती, कारण सपाट रेघेला कारण हवं होतं. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी आईला बोलावलं असतं, तो कागद पुन्हा तिच्यापुढे ठेवला असता आणि कुणीतरी दहा सेकंदांचा नियम समजावून सांगितला असता. म्हणून गुरुवारी लांबट टेबलाशी बसून मी सांगितलं की बरगडीचा आवाज ऐकून मीच परिचारिकेचे हात धरले. परिचारिकेनं पहिल्यांदाच वर पाहिलं. कडेच्या खुर्चीतला ड्रायव्हर छताकडे बघत राहिला. स्ट्रेचरचं दुसरं टोक कुणी धरलं होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अधिकाऱ्यांनी मी म्हटलं ते शब्दशः लिहून घेतलं. मी सही केली.

बाहेर आल्यावर परिचारिका माझ्यामागून आली. आभार मानील अशी मला भीती होती. तिनं एवढंच विचारलं, “मावशी जेवतात का?” थोडं, असं मी म्हटलं. तिनं मनगट चोळलं आणि ती आत गेली.

केंद्राचं पत्र आठ-दहा दिवसांनी आलं. पाकिटावर ‘कै.’ लावून बाबांचं नाव होतं, आणि बाबांच्या नावाचं टपाल आई कुणाला फोडू देत नाही. मी कामावरून आले तेव्हा ते वाचून टेबलावर उघडंच ठेवलेलं होतं. ‘रुग्णाच्या मुलीने अडथळा आणल्याने उपचारात खंड पडला, परिचारिकेचा दोष आढळत नाही.’

“तू तर जिन्यात होतीस,” आई म्हणाली.

मी चपला काढत होते. तुला पुन्हा तिथे जाऊन सांगावं लागू नये म्हणून, असं काहीतरी मी म्हणाले.

“फरक पडला नसता, तर तू अंगावर कशाला घेतलं असतंस?”

तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात हिशोब चुकला की बाबांना दाखवायची, तशी ती बोलली. मी तिच्यासमोर बसले. खरं काय ते मला आता सांगावंच लागणार होतं, आणि ते फारच थोडं होतं.

“कुणालाच सांगता येत नाही, आई. पडलाही असेल, नसेलही. ते आधीच गेलेले असतील. कुठल्याच कागदावरून ते कळत नाही.”

खाली कुणीतरी गाडी वळवत होतं, पुढे, मागे, पुन्हा पुढे.

“मग हेच सांगायचं होतंस,” ती म्हणाली. “इतके दिवस मी एकटीच बसले ना तुझं न पटलेलं ‘नाही’ घेऊन.”

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो धरू दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.