डावरा चुडा

"हात सैल सोड की गं, पोरी. कासाराचा हात हाय ह्यो, वाघाचा पंजा न्हवं," आण्णाप्पा कासार म्हणाला आणि मालूचा डावा हात त्याने पुन्हा दाबून पाहिला.

मांडवातल्या बाया खुदखुदल्या. मालू मात्र हसली नाही. हिरवी बांगडी तिच्या बोटांच्या मुळाशी अशी अडली होती, की पुढे सरकेना आणि मागेही येईना.

येळ्ळूरच्या त्या घरात उद्याचं लग्न होतं आणि आज नवरीचा चुडा. उजवा हात बघता बघता भरून झाला होता. सगळं असं सरळ चाललेलं, आणि डाव्या हाताच्या पहिल्याच बांगडीला ही पंचाईत.

आता कासारकीतली एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. कुठल्याही बाईचा उजवा हात डाव्याहून थोडा थोराड असतो. दळण, कांडण, धुणं, सगळं त्यानेच उपसायचं ना! म्हणून कासार माप घेतो ते उजव्याचं. उजव्यात गेलेली बांगडी डाव्यात डोळे मिटून भरावी. आण्णाप्पाने बावीस वर्षं येळ्ळूर, कंग्राळी, कडोली अशी गावं पाटी डोक्यावर घेऊन पालथी घातली होती, पण हे माप कधी चुकलं नव्हतं. आज चुकलं होतं. त्याने मालूच्या डाव्या तळव्यावरचे घट्टे अंगठ्याने चाचपले आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी डावरी होती.

त्याने मान वर केली. नवरीची आई मनुबाई खांबाला धरून उभी होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गेल्या साली मालूची जमलेली सोयरीक मोडली होती. कशाने मोडली ते गावात कुणी बोलत नव्हतं. डावऱ्या बाईच्या हातचं घरात कुणी खात नाही, देवाला चालत नाही, हे आण्णाप्पाला कुणी सांगायला नको होतं.

आणि नेमकी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून नवऱ्या मुलाची आई बसली होती. कंग्राळीची रुक्माबाई. मनाने मोकळी, पण जीभ विळ्यासारखी.

"व्हय हो कासारदादा, उजव्यात गेली ती डाव्यात का जाईना?"

"जाती की बाई. नवरीचा हात हाय, जरा भ्यालाय."

तो बोलला खरा, पण त्याला घाम फुटला. मोठ्या मापाच्या बांगड्यांची माळ सोडावी तर दोन हातांत दोन मापं, म्हणजे गावभर दवंडीच. जोर करावा तर बांगडी तडकून वाढणार, आणि चुड्याची बांगडी हातातच वाढली तर बायांची तोंडं कोण धरणार? पोरीने त्याच्याकडे पाहिलं. डोळे पाण्याने भरले होते, पण रडत नव्हती.

एक वाट होती. ती आण्णाप्पाला एकट्यालाच ठाऊक होती. तो स्वतः जन्माचा डावरा होता.

लहानपणी बापाने त्याचा डावा हात चिंधीने कमरेला बांधून ठेवला होता. "डाव्या हातानं चुडा भरलास तर कोण दारात हुबं करणार न्हाय तुला," असं बाप म्हणायचा. आण्णाप्पा उजव्याने शिकला आणि चांगला शिकला. पण उजवा हात त्याचा नोकर होता. जीव होता तो डाव्यात. घरी कुणी नसताना बांगड्या ओवाव्यात त्या डाव्याने. बाहेर मात्र डाव्याने नुसतं धरायचं. आज चार बायांदेखत तो हात चालवला तर ऐन लगीनसराईत धंदा बसणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं.

आण्णाप्पाने मनातल्या मनात बापाला नमस्कार केला आणि हात बदलला.

उजव्याने पोरीचं मनगट धरलं. डाव्या हाताने तिची बोटं एकात एक दुमडली, अंगठा आत घेतला, हाड कुठे नमतंय ते चाचपलं. बांगडी सुळकन मनगटावर गेली. मागोमाग दुसरी गेली, तिसरी गेली. मालूला कळलंसुद्धा नाही.

"थांबा," रुक्माबाई म्हणाली. "डाव्या हातानं चुडा भरताय?"



"व्हय बाई. मी डावरा हाय. आज उजवा हात चालंना, म्हणून ह्यो काढला. दोष माझ्या हाताचा हाय, पोरीचा न्हाय."

"अगं बाई, दुसरा कासार बोलवा," मागून कुणीतरी म्हणालं. "अपशकुन कशाला?"

आण्णाप्पाने मान खाली घातली आणि माळा पाटीत ठेवायला घेतल्या. तेवढ्यात मालू बोलली.

"कासारमामा खोटं बोलाय लागलाय, आत्याबाई. माझाच डावा हात मोठा हाय. मी डावरी हाय."

मनुबाईने कपाळावर हात मारून घेतला. रुक्माबाईने पोरीचे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? दिसतंयच की. भात कंच्या हातानं कापतीस?"

"डाव्या."

"आन् जात्यावर?"

"डावाच."

 रुक्माबाईचं पोट हलायला लागलं आणि ती अशी हसली, की पदर तोंडात धरावा लागला.

"आमच्यात थोरली सून उजवी, मी उजवी. शेजारी बसलो की कोपराला कोपर. रोज पहाटं दळण कमी आन् भांडाण जास्त. हिला डावीकडं बसवायची. तिचा डावा, माझा उजवा. कोपर लागतंय कशाला?" मग तिने मनुबाईकडे वळून आवाज चढवला. "पर लपिवलंसा ते बरं केलं न्हाई, विहीणबाई. आन् तू गं, देवाच्या ताटाला तेवढा उजवा लाव. बाकी तुझा हात, तुझं काम."

मालू आता मात्र रडली, अगदी हुंदके देऊन. मनुबाईही रडली. आण्णाप्पाला फार आनंद झाला. तो उगाच माळेची गाठ सोडत बसला.

चुडा पुरा झाला. पोरगी कासाराच्या पाया पडली. मग रुक्माबाईने बाही सारली आणि स्वतःचा हात पुढे केला.

"आता माझा भरा."

"कंच्या हातानं भरू, बाई?" आण्णाप्पाने विचारलं.

"जो चालतोय त्यानं."

तिच्यामागे तिची जाऊ बसली, जावेमागे शेजारीण, आणि दुसरा कासार बोलवा म्हणणारी बाईही हळूच रांगेत येऊन टेकली. दिवस कलेपर्यंत आण्णाप्पा सगळ्यांदेखत डाव्या हाताने बांगड्या भरत होता आणि त्याचा उजवा हात आता नुसतं मनगट धरायला होता.