ठकठक

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. आयुष्यभर लोकांना वर-खाली पोचवलं आणि गेले दोन महिने स्वतःच मध्ये अडकून बसले होते.

झालं होतं असं. एका जुन्या इमारतीत हे गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत कामाला गेले. वीज बंद करण्याआधी लिफ्टमध्ये कोणी नाही ना, हे बघायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. नेमका तोच त्या दिवशी राहिला. दोन मजल्यांच्या मध्ये एक आजी अडकल्या आणि आतून दार ठोकत राहिल्या. यांना ते ऐकूही आलं. पण हे पडले मेकॅनिक! गच्चीवरचा एखादा पत्रा सैल झाला असणार, असं म्हणून पाना घेऊन नट शोधत फिरले. आजी बाहेर आल्या तेव्हा थरथरत होत्या. जिवावर बेतलं नाही, त्यांनी तक्रारही केली नाही. पण यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

तेव्हापासून डोळ्याला डोळा लागेना. शेजारी कुणी खिळा ठोकला की हे ताडकन उठून बसायचे. गोळ्यांनी पेंग यायची, झोप नाही. हात थरथरू लागले, तसे काम सोडायच्या गोष्टी सुरू झाल्या. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी चिडते. शेवटी पिशवी भरून यांच्यापुढे आदळली आणि डोंगरात जायचं म्हणून फर्मान काढलं. नणंदबाईंनी विचारलं, रानात काय झोप पिकते का? मी म्हटलं, घरात तरी कुठे पिकतेय.

बसने आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. परतीची बस एकच, संध्याकाळची. ती चुकली तर मुक्काम तिथल्या एकुलत्या एक खोलीत, आणि तिथले ढेकूण म्हणे पाहुण्यांची वाटच बघत असतात. म्हणून वेळेवर खाली उतरायचं, हे मी यांना इतक्यांदा बजावलं की हे हात जोडून बरं म्हणाले.

चढण चढताना मला धाप लागली. गर्द सावली होती, कडेने ओढा वाहत होता. हे मात्र मान खाली घालून चालत होते, जणू कामावर निघालेत. आणि तेवढ्यात आवाज आला. ठकठक. ठकठक.

यांचा चेहरा पांढराफटक पडला. "कोणीतरी आहे," म्हणाले आणि पायवाट सोडून वर धावत सुटले. मी मागून काट्यांना, दगडांना आणि यांना शिव्या देत निघाले.

गाठलं तेव्हा हे एका वाळक्या झाडाखाली वर बघत उभे होते. उंच खोडावर सुतारपक्षी चोच आपटत होता. मला हसू फुटणार होतं, पण यांचे डोळे भरलेले पाहिले आणि तोंड मिटलं.

"त्या दिवशी कोणीतरी होतं गं," हे म्हणाले, "आणि मी नट शोधत बसलो."

दोन महिन्यांत त्या प्रकाराबद्दल हे पहिल्यांदाच बोलले होते. मनात आलं तेच बोलून गेले.

"आज धावलात ना. उद्याही धावाल."

हे खाली बसले, मीही शेजारी टेकले. मग हे आडवे झाले, माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्या पक्ष्याकडे बघत राहिले. त्याचं ठोकणं काही थांबत नव्हतं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी एकटीच बोलतेय. हे झोपले होते. तोंड उघडं टाकून, घोरत.

ऊन कलंडलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या. झाडांमधून दिसणाऱ्या खालच्या वळणावर बस येऊन थांबली. ड्रायव्हरने आम्हाला सकाळी उतरताना पाहिलं होतं. बिचारा हॉर्नवर हॉर्न देत राहिला. हे जरासुद्धा हलले नाहीत.

मी हात उंच केला आणि त्याला जा म्हणून खूण केली.