जादा ब्रेक

गाडी शिकवणारे सर शिकाऊ माणसांच्या बाबतीत दगडाच्या काळजाचे होते. समोरून ट्रक आला तरी खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "तुमचं तुम्ही बघा." त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, पण तो दाबणं त्यांना कमीपणाचं वाटे.

मग त्यांची स्वतःचीच लेक शिकायला बसली.

सरांना त्यांच्या वडिलांनी वाढवलं ते धाकात. म्हणून बाप होताच सरांनी ठरवलं, पोरीला कसलीही झळ लागू द्यायची नाही. दहावीपर्यंत तिच्या बुटांच्या नाड्या हेच बांधत. मैत्रिणीशी भांडण झालं तर मिटवायला हेच हजर. "किती शांत मुलगी!" लोक म्हणत आणि सर फुगत. शांत नसायला काय झालं? तिच्या वाटणीची काळजी बापच करून टाकत होता.

गाडीतही तेच. वळण आलं, कुत्रं दिसलं, की सरांचा पाय ब्रेकवर. वर घरी येऊन सांगायचे, "लोण्यासारखी चालवते!"

परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षक पाय आखडून बसले. "थांबवा," ते म्हणाले. गाडी निवांत पुढे गेली आणि रिकाम्या पिंपांना धडकून थांबली.

"ब्रेक का नाही दाबला?"

"आमच्याकडे तो आपोआप लागतो," लेक म्हणाली.

परीक्षकांनी कडेला उभ्या सरांकडे पाहिलं. सर घाईघाईने पिंपं उभी करू लागले.

घरी बायको हसून हसून बेजार. "गावाला शिकवलंत आणि पोरीची गाडी स्वतःच चालवलीत!"

"नापास मी झालो, ती नाही," सर पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या मैदानात त्यांनी बायकोला पुढे लेकीशेजारी बसवलं आणि स्वतः मागे बसले. थोड्याच वेळात कुंपण जवळ आलं.

"आई, आता काय करू?"

"मला काय विचारतेस? मला सायकलसुद्धा येत नाही!"

लेकीने जीव खाऊन ब्रेक दाबला. सरांचं नाक पुढच्या सीटवर आपटलं. तरी त्यांचं "अगं हळू, अगं डावीकडे" चालूच.

"बाबा, गप्प बसा, नाहीतर उतरा!"

असा चढा आवाज त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते मुकाट्याने उतरले. पुढच्या परीक्षेत ती पास झाली. पण सरांना विचाराल, तर निकाल मैदानातल्या त्या दिवशीच लागला होता. गाडी मैदानाला फेऱ्या घालत होती, आणि हे उन्हात उभे राहून, सुजलेलं नाक चोळत, एकटेच हसत होते.